त्वचेची गोष्ट (लेखांक ७) : खाज थांबली, गजकर्ण वाढले

गेल्या आठवड्यात घामोळ्यांविषयी बोललो. ऊन उतरले की घामोळे बहुधा आपोआप जाते. गजकर्ण तसे जात नाही. गजकर्ण म्हणा वा नायटा, हा बुरशीचा संसर्ग आहे. ही बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत थरातल्या केराटिनवर जगते आणि घाम साचतो तिथे आधी पाय रोवते : जांघा, कंबर, काखा, स्तनांखालची घडी. गोल चट्टा, उंचावलेली लालसर कडा, तिथून सुटणारे बारीक पापुद्रे आणि रात्री झोपू न देणारी खाज, ही तिची ओळख.

रुग्ण त्वचारोगतज्ज्ञाकडे पोचतो तेव्हा मेडिकलमधून आणलेल्या दोन-तीन ट्यूब वापरून झालेल्या असतात. अशा अनेक ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड असते. खाज आणि लाली ही शरीराने बुरशीला केलेल्या प्रतिकाराची खूण. स्टेरॉइड तो प्रतिकारच दाबते. दोन दिवसांत आराम पडतो, बुरशीला मात्र रान मोकळे मिळते. चट्टा पसरतो, कडा पुसट होते, कधी वर्तुळात वर्तुळ उमटते आणि निदानच अवघड होऊन बसते. ट्यूब थांबवली की खाज दुप्पट जोराने उसळते, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. जांघेतली कातडी पातळ होऊन त्यावर पडलेले ताणाचे व्रण तर कायमचे राहतात. विशीतल्या मुलामुलींच्या अंगावर ते पाहताना फार वाईट वाटते, कारण हे टाळता येण्यासारखे होते.

म्हणून ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसले तर ती गजकर्णावर स्वतःच्या मनाने लावू नका. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची १४ मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली, तरी ती सहज मिळतात.

दुसरी अडचण बुरशीचीच. आपल्याकडे पसरलेल्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या प्रजातीवर टर्बिनाफिन हे एकेकाळचे हुकमी औषध अनेकदा चालत नाही. २०२० मध्ये तिला हे नाव मिळाले. आता ती युरोप-अमेरिकेतही सापडते. टर्बिनाफिन चालत नसल्यामुळे डॉक्टर बऱ्याचदा इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल देतात. त्या भरल्या पोटी घ्यायच्या, ॲसिडिटीच्या गोळीसोबत नाही. हृदयाचा त्रास किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर आधी सांगायचे. उपचार कित्येक आठवडे चालतात. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे जागेवरही लावावे, आणि डाग गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवावे.

घरात एकाला गजकर्ण असले की बाकीच्यांनाही तपासावे. एकट्याचा उपचार पुरत नाही. टॉवेल, पंचा, अंतर्वस्त्रे वेगळी ठेवावीत, गरम पाण्यात धुऊन उलटी करून उन्हात वाळवावीत. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी. दमट कपडा अंगावर चढवू नये. आणि कमरेचा करगोटा? तो सदैव ओला राहतो, त्याच्या खालीच चट्टे धरतात. श्रद्धेचा मान राखून सांगतो, निदान उपचार संपेपर्यंत तो काढून ठेवा.

पुढच्या आठवड्यात : डोक्यातला कोंडा.