खोडरबर, क्लिप आणि बटणसेल

नव्वदच्या दशकात नेरळजवळच्या कळंबकडे व्हिडिओ गेम म्हणजे निन्टेन्डो फॅमिकॉमची नक्कल. मूळ यंत्र जपानात १९८३ साली आलं. आपल्याकडे पोहोचले त्याचे स्वस्त अवतार. कॅसेट लावूनही चित्र आलं नाही की ती काढायची, फुंकर मारायची, परत दाबायची. गेम सुरू झाला की श्रेय फुंकरीला मिळायचं. खरं काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे, कारण त्या घासण्यात पट्ट्यांवरचा मळ निघायचा. तोंडाच्या वाफेने उलट गंज धरायचा, आणि आमच्या भागात पावसाळ्याचे चार महिने हवा तशीही ओलीच.

कॉन्ट्रा या गेममधल्या तीस लाइफची युक्ती मात्र हुकमी होती: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ती १९८६च्या ग्रॅडियसमध्ये घातली, स्वतःला चाचणी सोपी जावी म्हणून.

२००१ साली एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स सुरू झाला आणि पुढे घरोघरी असेंबल केलेले पीसी दिसू लागले. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचे. नेरळहून लोकल, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, म्हणजे अख्खा दिवस गेला. म्हणून भाग आणायला निघण्याआधी घरीच सगळं करून बघायचं, ही सवय लागली. तिचं मोल मला फार वाटतं.

पीसी चालू केला आणि पडदा काळाच राहून लांब लांब बीप येऊ लागले, की बहुतेकदा रॅम. वायर काढायची, बाजूची क्लिप उघडून पट्टी उचलायची, सोनेरी दातांवरून शाळेचं पांढरं खोडरबर हलकेच फिरवायचं, कण झटकायचे आणि ‘कट्’ आवाज येईपर्यंत पट्टी दाबायची. पावसाळ्यात हा उपाय किती मशीन उठवायचा!

पंखाही फिरला नाही तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर. त्याच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर कागदाच्या क्लिपने काळीला जोडली की तो एकटा सुरू व्हायला हवा. डबा मात्र उघडायचा नाही. आतले कपॅसिटर वायर काढल्यावरही झटका देतात. लोडशेडिंगच्या वर्षांत हे एसएमपीएस भराभर जात. त्याच काळातल्या कित्येक मदरबोर्डांवरचे कपॅसिटर मुळातच निकृष्ट होते. फुगलेलं डोकं दिसलं की सोल्डरिंग गन काढायची.

गेमच्या यंत्रांनाही अशा युक्त्या लागत: पहिल्या प्लेस्टेशनला लोक उलटं ठेवून चालवत. लेझरची प्लास्टिकची गाडी उष्णतेने झिजून कलायची, उलटं केलं की डिस्क पुन्हा वाचली जायची.

आता बऱ्याच लॅपटॉपात रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तिथे खोडरबर काय करणार? विंडोज ११ टीपीएम २.० मागतं आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. पण या अटीत अडकलेले डेस्कटॉप भंगारात घालू नयेत. एसएसडी आणि लिनक्स टाकलं की मुलांच्या अभ्यासाला ते पुरतात. पीसीची तारीख दर वेळी मागे जात असेल, त्यामुळे साइट उघडत नसतील, तर आधी मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदलून बघा. तो तीन व्होल्टचा असतो, साध्या दुकानातही मिळतो, आणि त्यासाठी लॅमिंग्टन रोड गाठावा लागत नाही.