सीडी-फोर चांगला आहे, मग गोळ्या कशाला?

केलीव्हिलहून पॅरामाटाकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलं की वाटेत वेस्टमीड लागतं. तिथलं हॉस्पिटल आपल्या मंडळींना चांगलंच ठाऊक आहे. त्याच आवारातल्या वेस्टमीड इन्स्टिट्यूटमध्ये अँथनी कनिंगहॅम आणि अँड्र्यू हरमन यांचे गट बरीच वर्षं एका प्रश्नामागे आहेत: एचआयव्ही शरीरात शिरताना सुरुवातीला नेमकं काय होतं?

हे रक्ताच्या रिपोर्टवरून कळत नाही. योनी, गुदमार्ग, आतडं यांच्या आतल्या ओलसर अस्तरात, आणि जननेंद्रियांच्या त्वचेतही, डेंड्रिटिक पेशी फांद्या पसरून पहारा देत असतात. आलेला जंतू पकडायचा आणि टी-पेशींना नेऊन दाखवायचा, एवढंच त्यांचं काम. एचआयव्ही नेमका त्याचाच फायदा घेतो. चोराला पकडून शिपायानेच तिजोरीच्या खोलीत नेऊन सोडावं, तसला प्रकार! ऑपरेशनमध्ये काढलेल्या मानवी ऊतींवर काम करून वेस्टमीडच्या गटाने 2019 मध्ये दाखवलं, की त्वचेच्या वरच्या थरात पूर्वीपासून माहीत असलेल्या लँगरहॅन्स पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या डेंड्रिटिक पेशी असतात, आणि विषाणू पुढे पोचवण्यात त्या जास्त तरबेज असतात.

पुढचं नुकसान आतड्यात होतं. विषाणूला हव्या असलेल्या सीडी-फोर टी-पेशींचा मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो, आणि लागण झाल्यावर काही आठवड्यांतच त्यातल्या बहुतेक नष्ट होतात. रक्तातला आकडा मात्र तेव्हा बरा दिसू शकतो. मग अस्तराची वीण सैल होते, आतड्यातल्या जंतूंचे अंश रक्तात झिरपतात आणि प्रतिकारयंत्रणा सतत पेटलेली राहते. औषधं सुरू झाल्यावरही हे सगळं पूर्ण भरून येतंच असं नाही.

म्हणूनच "सीडी-फोर 700 आहे, एवढ्यात गोळ्या कशाला?" हा प्रश्न चुकीचा. तो विचारणाऱ्याला दोष देता येत नाही, कारण पूर्वी डॉक्टरही थांबायलाच सांगत. भारतात 2004 साली सरकारी मोफत औषधं सुरू झाली तेव्हा आकडा साधारण 200 च्या खाली जाण्याची वाट पाहिली जाई. 2015 मध्ये 35 देशांतल्या 4,685 जणांवरच्या 'स्टार्ट' चाचणीचा निकाल आला. सिडनीची कर्बी इन्स्टिट्यूट तिच्या समन्वय केंद्रांपैकी एक होती. आकडा 500 च्या वर असतानाच औषधं घेणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू मिळून 57 टक्क्यांनी कमी झाले. 2017 पासून भारतातही आकडा न पाहता उपचार सुरू करतात.

जोडीदाराचं काय? पुण्याच्या 'नारी' संस्थेचा सहभाग असलेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत 2011 मध्येच दिसलं होतं, की लवकर औषधं घेतली तर जोडीदाराला लागण होण्याचा धोका 96 टक्क्यांनी घटतो.

तिकडे सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. इथे न्यू साउथ वेल्सच्या सरकारी सेक्शुअल हेल्थ क्लिनिकमध्ये तपासणीला मेडिकेअर कार्ड लागत नाही. नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांना हे बहुधा कोणी सांगत नाही, आणि घरी विचारायची तर त्यांची हिंमतच होत नाही.