दुसऱ्यांच्या गळ्यातून पोहोचलेली गायिका

अमेरिकन कंट्री आणि फोक संगीतात नॅन्सी ग्रिफिथचं नाव निघालं की एक शेरा हमखास ऐकू येतो : तिची गाणी गाजली, पण दुसऱ्यांच्या आवाजात. त्यामागे हळहळ असते आणि ती मला अनाठायी वाटते. टेक्सासमध्ये १९५३ साली जन्मलेली, काही काळ बालवाडीत शिक्षिका असलेली ही गायिका गाणं कोणाच्या नावावर जमा होतं यापेक्षा ते टिकतं की नाही, याकडे पाहत होती. स्वस्त वस्तूंच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीच्या संसाराची गोष्ट सांगणारं तिचं ‘लव्ह ॲट द फाइव्ह अँड डाइम’ १९८६मध्ये कॅथी मॅटियाने लोकप्रिय केलं. उलट, न्यूयॉर्कमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या ज्युली गोल्डचं ‘फ्रॉम अ डिस्टन्स’ नॅन्सीने १९८७मध्ये गायलं. तीन वर्षांनी बेट मिडलरने ते जगभर नेलं आणि गोल्डला गीतकार म्हणून ग्रॅमी मिळालं.

तिचा कोवळा, काहीसा अनुनासिक आवाजच आड आला, असंही म्हटलं जातं. अमेरिकेतल्या कंट्री रेडिओने तिला फारसं जवळ केलं नाही, हे खरंच. पण त्याच आवाजातलं ‘फ्रॉम अ डिस्टन्स’ आयर्लंडने डोक्यावर घेतलं. म्हणजे उणीव आवाजात नव्हती. कंट्री रेडिओचा साचा अरुंद होता. दुसरा आक्षेप १९९३च्या ‘अदर व्हॉइसेस, अदर रूम्स’ या अल्बमवर घेता येईल : सगळी गाणी इतरांची, मग कर्तृत्व कसलं? मला तर तिचं सर्वांत मोठं काम हेच वाटतं. वुडी गथ्री, माल्विना रेनॉल्ड्स, केट वुल्फ हे तोवर हयात नव्हते. टाउन्स व्हॅन झँट आणि जॉन प्राइन लिहीत होते. या सगळ्यांना तिने एका घराण्याचे मानून शेजारी बसवलं. प्राइन स्वतः तिच्याबरोबर गायला, बॉब डिलनने आपल्याच गाण्यावर हार्मोनिका वाजवली. निवड करणं हीही निर्मितीच असते, आणि त्या निवडीला ग्रॅमी मिळालं. स्वतःचं लिहिणं आटलं म्हणून हा मार्ग धरला म्हणावं, तर पुढच्याच वर्षीच्या ‘फ्लायर’मध्ये बहुतेक गाणी तिचीच आहेत. २०२१मध्ये ती गेली. दोन वर्षांनी तिच्या गाण्यांचा आदरांजलीपर अल्बम निघाला, त्यात ‘लिसन टू द रेडिओ’ गायलं बिली स्ट्रिंग्ज आणि मॉली टटल यांनी. तिने ते गाणं लिहिलं, तेव्हा या दोघांचा जन्मही झालेला नव्हता.