यामाशिता अभियोग आणि सेनापतीचे उत्तरदायित्व

दुसऱ्या महायुद्धानंतर चाललेल्या सैनिकी खटल्यांत जपानी सेनापती तोमोयुकी यामाशिता यांच्यावरील अभियोगास विशेष महत्त्व आहे. ज्या अत्याचारांची आज्ञा दिल्याचा आरोपच नाही, त्यांबद्दल सेनापतीस देहान्त शासन देता येते काय, हा प्रश्न त्यात उपस्थित झाला.

यामाशिता यांनी फिलिपाइन्समधील जपानी सेनेचे आधिपत्य ऑक्टोबर १९४४ मध्ये स्वीकारले. फेब्रुवारी-मार्च १९४५ मधील मनिलाच्या लढाईत सुमारे १ लाख नागरिक मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुसंख्य जपानी सैनिकांच्या कत्तलीस बळी पडले, तर अनेक तोफांच्या माऱ्यात सापडले. त्या वेळी यामाशिता उत्तर लुझॉनच्या डोंगराळ मुलखात होते. ३ सप्टेंबर १९४५ रोजी त्यांनी बागिओ येथे शरणागतीपत्रावर स्वाक्षरी केली आणि त्यांची रवानगी नव्या बिलिबिद तुरुंगात झाली. तेथे ते प्रथम युद्धबंदी होते. त्याच महिन्यात आरोपपत्र हाती पडताच ते आरोपी झाले.

आरोप असा होता, की हाताखालील सैन्यावर नियंत्रण ठेवण्याच्या कर्तव्यात त्यांनी कसूर केली व त्यास अत्याचार ‘करू दिले’. सर्व वादाचे मूळ या क्रियापदात आहे. ‘करू देणे’ म्हणजे जाणूनबुजून मोकळीक देणे, तसेच अडविण्याचे राहून जाणे. पहिल्या अर्थास ज्ञान अवश्य आहे. दुसऱ्यास ते नसले तरी चालते. आरोपपत्राने या दोहोंत भेद केला नाही.

पाच सेनाधिकाऱ्यांच्या आयोगापुढे २९ ऑक्टोबर रोजी सुनावणी सुरू झाली. या पाचांत व्यवसायाने विधिज्ञ कोणीही नव्हता. मूळच्या ६४ कलमांत त्याच सुमारास आणखी ५९ कलमांची भर पडली. त्यांच्या तयारीसाठी बचावपक्षाने मागितलेली मुदत मिळाली नाही. ऐकीव पुरावा व शपथपत्रे ग्राह्य धरण्यात आली. दळणवळण तुटले होते व मनिलातील फौज मुख्यत्वे नौदलाची होती, हा बचाव मान्य न होता ७ डिसेंबर रोजी फाशीची शिक्षा झाली.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ फेब्रुवारी १९४६ रोजी सहा विरुद्ध दोन मतांनी हस्तक्षेप नाकारला. पुराव्याचे मूल्यमापन आपल्या कक्षेबाहेरचे आहे, असे सांगून न्यायालयाने एवढेच ठरविले, की आपल्या शक्तीतील व परिस्थितीस अनुरूप असे उपाय योजणे हे सेनापतीचे कर्तव्य आहे. न्यायमूर्ती मर्फी व रटलेज यांनी तीव्र भिन्नमत नोंदविले. सेनापतीस अत्याचारांचे ज्ञान होते असा आरोप तरी कोठे आहे, असा मर्फी यांचा मुख्य आक्षेप होता. २३ फेब्रुवारी रोजी शिक्षेची अंमलबजावणी झाली.

या आक्षेपाची दखल पुढील कायद्यास घ्यावी लागली. १९९८ च्या रोम संविधीच्या २८ व्या कलमानुसार सेनापतीस गुन्ह्यांची माहिती होती, किंवा तत्कालीन परिस्थितीत ती असावयास हवी होती, हे दाखवावे लागते. मनिलाच्या आरोपपत्रात जे अध्याहृत राहिले होते, ते अशा रीतीने कायद्याच्या शब्दांत आले. अत्याचारांच्या भीषणतेविषयी दुमत नव्हते. प्रश्न होता तो एका माणसाच्या अपराधाचे स्वरूप नेमक्या शब्दांत सांगण्याचा, आणि तो सुटण्यापूर्वीच शिक्षा होऊन गेली.