पहिली सहा वर्षे : भाग ५
सेविकेच्या मोबाइलमधला वाढीचा तक्ता

नवजात बाळाच्या तपासण्या आपण मागच्या भागात पाहिल्या. बाळ घरी आले की पुढची नजर अंगणवाडीची. त्या कामात मोबाइलचा उपयोग कुठवर होतो, ते आज पाहू.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघाले की वाटेत मुर्धा, राई, मोर्वा ही गावे लागतात. राईसारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे आहेत, तशीच हाताला काम मिळेल तिकडे जाणारीही. या दुसऱ्या घरांतल्या मुलांची नोंद सर्वांत आधी हरवते. आज इथे वजन झाले, पुढच्या महिन्यात बिऱ्हाड दुसरीकडे. मूल कोमेजत चालले आहे हे कळायला सलग काही महिन्यांची वजने लागतात, आणि तीच एका जागी नसतात.

केंद्र सरकारने मार्च 2021 मध्ये 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आणले. सेविका मुलाचे वजन आणि उंची त्यात भरते. ॲप तीन गोष्टी ताडून पाहते : वयाच्या मानाने वजन, वयाच्या मानाने उंची आणि उंचीच्या मानाने वजन. पहिलीवरून कमी वजन कळते, दुसरीवरून खुजेपण, तिसरीवरून कृशपण. तीव्र कुपोषण, म्हणजे सेविकांच्या बोलण्यातले 'सॅम', मुख्यतः तिसरीवरून ठरते. पूर्वी रजिस्टरातल्या तक्त्यावर हाताने ठिपके द्यावे लागत. आता निकाल लगेच दिसतो. कुटुंबाने गाव बदलले तर मुलाची नोंद नव्या अंगणवाडीकडे वळवण्याची सोयही ॲपमध्ये आहे. फिरत्या कुटुंबांसाठी ती फार मोलाची आहे.

मात्र मोबाइल मूल मोजत नाही, माणूस मोजतो. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून घ्यायची, त्यापुढे उंची उभे करून. एकाच मुलाच्या या दोन मापांत सुमारे 0.7 सेंटिमीटरचा फरक पडतो. जन्मतारीख चुकली, काटा शून्यावर नसला, मूल रडत हलले, तरी ॲप मिळालेल्या आकड्यावरच निकाल देते. म्हणून दंडाचा घेर मोजणारी साधी पट्टी आजही हाताशी हवी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित समजायचे.

सेविकेच्या हातातले साधनही कामाचे हवे. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन कमी क्षमतेचे होते, ॲप इंग्रजीत होते, दुरुस्तीचा खर्च अंगावर येत होता. त्यांची तक्रार रास्त होती. जिच्या नोंदीवर मुलाचे उपचार ठरणार, तिला तिच्या भाषेत चालणारे ॲप आणि धड फोन देणे हे सरकारचे कर्तव्यच आहे.

वजन-उंचीत न दिसणारेही बरेच असते : ऐकू न येणे, वाकडी पावले, हृदयातला दोष, उशिरा येणारे बोलणे. त्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरला सुरू झाला. वसईच्या खाडीपलीकडचे पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. या कार्यक्रमात डॉक्टरांच्या फिरत्या पथकाने अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासायचे असते. जन्मतःचे दोष, पोषणातल्या उणिवा, आजार आणि विकासातली दिरंगाई असे चार गट पाहिले जातात. दोष आढळला तर पुढचे उपचार मोफत मिळतात.

खरी गळती इथेच होते. स्क्रीनवर नाव लाल झाले, चिठ्ठीही मिळाली, पण आईचा रोज बुडतो म्हणून दवाखाना राहून जातो. असे मूल सापडूनही हरवते. त्यामुळे किती मुलांची नोंद झाली यावर काम मोजू नये. नोंदीतली किती मुले उपचारापर्यंत पोहोचली, यावर मोजावे.

वाचकांना एवढेच सांगणे : अंगणवाडीतल्या ताईंना मुलाचे वजन, उंची आणि ते कोणत्या गटात आहे हे दर महिन्याला विचारा. वर्षाचे मूल हाकेला वळत नसेल किंवा दीड वर्षाचे होऊनही चालत नसेल, तर 'होईल हळूहळू' म्हणून थांबू नका. शेजारच्या खोलीत नवे बिऱ्हाड आले असेल, तर त्यांच्या लेकराला अंगणवाडीची वाट दाखवा.