मणक्याच्या ऑपरेशननंतर वेदना कमी करणारा ‘फुगा’. हा पंप नेमका कसा काम करतो? जाणून घ्या

लोणंद : कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या लोणंदमध्ये पोती उचलणारे हमाल असोत की दिवसभर वाकून काम करणारे शेतमजूर, पाठदुखी कुणाला नवी नाही. मात्र मणक्याचं ऑपरेशन ठरलं, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘नंतर किती दुखेल?’ सर्वाधिक त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत होतो. त्यासाठीचा एक पर्याय म्हणजे जखमेजवळ भुलीचं औषध सतत, थोडं थोडं सोडत राहणं.

आत नळी, बाहेर फुगा

टाके घालण्याआधी सर्जन जखमेत बारीक छिद्रांची पातळ नळी ठेवतात. तिचं दुसरं टोक औषध भरलेल्या, ताणलेल्या फुग्याला जोडलेलं असतं. फुगा आकसताना औषध पुढे ढकलतो आणि वाटेतला अरुंद भाग त्याचा वेग ठरवतो. त्यामुळे वीज किंवा बॅटरी लागत नाही.

०.२ टक्के रोपिवाकेनच्या १ मिलीमध्ये २ मिलिग्रॅम औषध असतं. वेग ताशी ५ मिली असेल, तर २४ तासांत २४० मिलिग्रॅम औषध जातं. नळी साधारण दोन-तीन दिवसांनी काढतात.

फायदा काय?

हे औषध नसांमधील सोडियमचा मार्ग अडवतं, त्यामुळे वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचत नाही. मॉर्फिनसारख्या औषधांनी मळमळ, बद्धकोष्ठता, गुंगी येते. जास्त डोसमध्ये श्वास मंदावतो. त्यांची गरज कमी करणं हा मुख्य हेतू.

मात्र सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत. काहींत फायदा दिसला, काहींत फारसा फरक पडला नाही. म्हणूनच हा एकमेव उपाय नाही. पॅरासिटामॉलसारखी औषधंही सोबत दिली जातात.

ही लक्षणं अंगावर काढू नका

ओठांभोवती बधिरपणा, तोंडात धातूसारखी चव किंवा कानात आवाज येत असेल, तर नर्सला लगेच सांगा. औषध रक्तात जास्त गेल्याची ही खूण असू शकते. पुढे झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यावर पंप थांबवून शिरेतून स्निग्ध द्रावण देण्याचा उपचार आहे.

पायांत नव्याने अशक्तपणा, जांघेत बधिरपणा किंवा लघवी अडणं याला ‘भुलीचा परिणाम असेल’ म्हणून सोडून देऊ नका. साकळलेल्या रक्ताचा नसांवर दाब येत असेल, तर तासातासाला महत्त्व असतं.

डॉक्टरांना हे विचारा

औषध कोणतं, वेग किती, नळी कधी काढणार आणि घरी गेल्यावर जखमेतून पू आला किंवा ताप आला, तर रात्री फोन कुणाला करायचा? ऑपरेशन पुण्यात किंवा साताऱ्यात आणि घर लोणंदला असेल, तर शेवटच्या प्रश्नाचं उत्तर डिस्चार्जआधीच कागदावर लिहून घ्या.