दारात आलेली परवस्तू

दिवाळी जवळ आली की घरोघरी येणाऱ्या पार्सलांची संख्या वाढते. कपडे, भांडी, औषधे, मोबाइल, मुलांची पुस्तके, सारे काही आता दारात येते. या गर्दीत एखादे खोके भलत्याच घरी पोहोचते. कधी खोके आपल्याच नावाचे असते, पण आत मागविलेल्या चादरीऐवजी कोणाच्या तरी लग्नासाठी घेतलेला शालू निघतो. आपली वस्तू आली नाही, तर तक्रार करण्याचे भान प्रत्येकाला असते. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे आली, तर काय करावयाचे, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

व्यापारी घराण्यांना हा प्रश्न नवा नाही. जुन्या बाजारपेठेत मालाच्या गाठीवर पेढीचा मार्का असे. हमालाच्या घाईत मार्का चुकला, तर एका पेढीची गाठ दुसऱ्या पेढीत उतरे. सचोटीची पेढी अशी गाठ फोडत नसे. ती बाजूला ठेवून मार्क्याच्या धन्याला निरोप धाडी. आज त्याची गाठ आपल्याकडे आली, उद्या आपली त्याच्याकडे जाईल, हे दोघेही जाणून असत. बाजारातील पत अशाच लहानसहान व्यवहारांवर उभी राहते.

चूक कोठे होते?

गोदामात एक कामगार वस्तू काढतो, दुसरा ती बांधतो आणि खोक्यावर पत्त्याची चिठ्ठी चिकटवतो. दोन खोक्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, की एकाच चुकीने दोन घरे अडचणीत येतात. आपल्याकडे दुसऱ्याची वस्तू आली असेल, तर आपली वस्तू हाती घेऊन तोही तितकाच गोंधळलेला असण्याचा संभव असतो. म्हणूनच एकाने वेळेवर कळविले, तर दोघांचेही काम होऊ शकते.

गोदामातून निघालेले पार्सल पिनकोडच्या आधारे पुढे सरकते. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेतून साकारलेली ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. टपालाची वाटणी सुकर व्हावी, एकाच नावाच्या गावांचा घोटाळा टळावा, हा तिचा हेतू होता. परंतु पिनकोड पार्सलाला योग्य भागापर्यंत आणतो, योग्य दारापर्यंत नव्हे. एकाच पिनकोडात हजारो घरे असतात. त्यातच आपल्या समाजाची एक खास अडचण आहे. शहा, जैन, मेहता, दोशी ही आडनावे एकाच इमारतीत चार-चार दारांवर दिसतात आणि महावीर, वर्धमान, पार्श्वनाथ या नावांच्या इमारती एकाच उपनगरात दोन-तीन असतात. 'आर. शहा, महावीर सोसायटी' एवढ्या पत्त्यावर डिलिव्हरी करणाऱ्या मुलाने कोणते दार ठोठवावे? पत्त्यात संपूर्ण नाव, विंग, मजला, घरक्रमांक व जवळची खूण लिहिली, तर निम्मे घोटाळे जन्मालाच येणार नाहीत.

कायदा काय सांगतो?

'चूक कंपनीची, मग वस्तू आपली', असे म्हणणारे अनेक भेटतात. कायदा मात्र तसे म्हणत नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम ७० मधील एक उदाहरण आजच्या पार्सलासाठीच लिहिले असावे, असे वाटते. एका व्यापाऱ्याने चुकून दुसऱ्याच्या घरी माल ठेवला आणि त्या घरच्या माणसाने तो स्वतःचा समजून वापरला, तर त्याने त्या मालाची किंमत व्यापाऱ्याला दिली पाहिजे. कलम ७२ त्याहून स्पष्ट आहे. ज्याला चुकून पैसे दिले गेले किंवा वस्तू पोहोचविली गेली, त्याने ती परत केलीच पाहिजे. बँकेच्या खात्यात चुकून जमा झालेल्या रकमेलाही हेच तत्त्व लागू पडते. याहीपुढे, दुसऱ्याची वस्तू बेइमानीने स्वतःच्या उपयोगासाठी वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा असून त्यासाठी सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत कैद व दंड अशी शिक्षा आहे.

आपल्या परंपरेची व्याख्या तर कायद्याहूनही सूक्ष्म आहे. अदत्तादान म्हणजे न दिलेले घेणे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात अचौर्याणुव्रताचे वर्णन करताना ठेवलेली, पडलेली व विसरलेली परवस्तू वेगवेगळी सांगितली आहे. अशी वस्तू स्वतः घेऊ नये आणि दुसऱ्यालाही देऊ नये, अशी दोन्ही बंधने तेथे आहेत. त्यातील दुसरे बंधन विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. 'आपल्याला नको, कामवाल्या बाईंना देऊन टाकू' किंवा 'एखाद्या संस्थेला दान करू', ही पळवाटही त्यामुळे बंद होते. जे आपले नाही, त्याचे दान कसे होणार?

मात्र कंपनीला कळविल्यानंतर तिने 'वस्तू परत पाठवू नका, ठेवून घ्या', असे लेखी सांगितले, तर ती वस्तू दिलेली ठरते. मग ती वापरावी किंवा खुशाल दान करावी. तो संदेश मात्र जपून ठेवावा.

अनामत खात्याची शिस्त

बँकेत दिवसअखेर हिशेबापेक्षा पेटीत पाचशे रुपये अधिक निघाले, तर ते रोखपालाचे होत नाहीत आणि बँकेच्या नफ्यातही जात नाहीत. ते अनामत खात्यात जमा होतात व त्यांच्या धन्याचा शोध सुरू होतो. उलट पाचशे कमी भरले, तर ती तूट बहुधा रोखपालाच्या खिशातून भरून निघते. पार्सलाचेही असेच आहे. हरवलेल्या खोक्याचा भार कधी लहान विक्रेत्यावर पडतो, तर कधी दिवसभर जिने चढणाऱ्या मुलाच्या कमाईवर. कंपनी मोठी आहे, तिला काय फरक पडतो, हे म्हणणे म्हणूनच पुरेसे खरे नाही.

घरातही असे एक अनामत खाते असावे. खोक्यावर दुसऱ्याचे नाव असेल, तर ते उघडू नये. चिठ्ठीचे छायाचित्र घ्यावे. पत्ता इमारतीतलाच असेल, तर त्याच दिवशी योग्य दारी पोहोचवावे, कारण आत कोणाचे रक्तदाबाचे औषध आहे, हे बाहेरून दिसत नाही. पत्ता दूरचा असेल, तर चिठ्ठीवरील पार्सल क्रमांक सांगून कुरिअरला कळवावे. खोके आपल्या नावाचे व वस्तू दुसरी असेल, तर ऑर्डर ज्या ॲपवरून दिली तेथेच नोंद करावी आणि परत नेणाऱ्याकडून पोच घ्यावी. आलेली वस्तू आपल्या वस्तूहून महाग असली, तरीही रीत हीच.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कंपनीचा दूरध्वनी क्रमांक इंटरनेटवर शोधून लावू नये. भामटे तेथे स्वतःचे क्रमांक पेरून ठेवतात. पार्सल परत नेण्याच्या निमित्ताने कोणी ओटीपी, कार्डाचा क्रमांक किंवा यूपीआय पिन मागितला, तर संभाषण तेथेच थांबवावे. पैसे परत मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीही द्यावा लागत नाही. कोणी न मागविलेले पार्सल पैसे भरून सोडवू नये. आधी घरातील सर्वांना विचारावे. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

आपला माल चुकला असेल तर

प्रामाणिकपणा म्हणजे आपला हक्क सोडणे नव्हे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीने तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क जाहीर करणे बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात निवारण करावे, असा नियम आहे. तेथे दाद न मिळाल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे, स्वतः राहतो त्या जिल्ह्यातच, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. महाग वस्तूचे खोके उघडताना चित्रफीत काढली, तर पुरावा हाती राहतो.

दुकानदारांनी एक भेद लक्षात ठेवावा. पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार या कायद्याच्या अर्थाने ग्राहक नसतो. त्याचे संरक्षण त्याच्या कागदपत्रांत असते. बिलात शंभर नग आणि गाठीत नव्वद आले, तर तसे त्याच दिवशी लेखी कळवावे. न आलेल्या मालावर इनपुट टॅक्स क्रेडिट घेता येत नाही. आणि शंभराऐवजी एकशे दहा आले, तर तेही तितक्याच तत्परतेने कळवावे. कमी आलेला माल कळविणारे सर्वच असतात. जास्त आलेला माल कळविणाऱ्याचे नाव पुरवठादार विसरत नाही.

वहीपूजनाच्या दिवशी पहिल्या पानावर शुभ आणि लाभ हे शब्द आपण मुलांना दाखवितो. त्यांचा अर्थ त्यांना वर्षभर दिसावयास हवा. भलत्याचे खोके दारात आले, की ते योग्य दारी नेऊन देण्याचे काम घरातील मुलांवरच सोपवावे. ते खोके हाती पडल्यावर समोरच्या माणसाचा चेहरा कसा होतो, हे त्यांनी स्वतः पाहिलेले बरे.